गाडीच्या काचांना फिल्म लावून घेण्यापूर्वी कशाकशाची खात्री करावी

मुंबईत नवी गाडी घेतली की पहिल्या काही दिवसांतच काचांना फिल्म लावण्याचा विषय निघतो. शोरूममधला विक्रेता ॲक्सेसरीजच्या यादीत ती सुचवतो, सोसायटीतले शेजारी आपापल्या ओळखीच्या दुकानाचे नाव सांगतात, आणि मे महिन्यात दुपारी पश्चिम द्रुतगती महामार्गावरून दक्षिणेकडे येताना वाहतूक कोंडीत अडकलेल्या चालकाच्या उजव्या हातावर जे ऊन येते, ते उरलासुरला विचारही बाजूला सारते. मात्र सीट कव्हर किंवा पायातल्या मॅट जितक्या सहज आपण विकत घेतो, तितक्या सहज ही वस्तू घेऊ नये. फिल्म चालकाच्या डोळ्यांच्या आणि रस्त्याच्या मध्ये येते, तिच्यावर कायद्याचे निर्बंध आहेत, आणि चुकीची बसली तर ती काढण्याच्या भानगडीत मागची काच खराब होण्याची शक्यता असते.

पहिल्यांदाच गाडी घेणाऱ्यांसाठी, पैसे देण्याआधी काय तपासावे आणि ते कोणत्या क्रमाने तपासावे, हे पुढे सांगितले आहे. त्यातली एक गोष्ट इतर सगळ्यांहून महत्त्वाची आहे आणि नेमकी तीच दुकानात सांगितली जात नाही. दुकानदार जो टक्केवारीचा आकडा सांगतो तो एकट्या फिल्मचा असतो. नियमात जो आकडा आहे तो फिल्म लावल्यानंतरच्या संपूर्ण काचेचा आहे.

पहिली पायरी: कायदा नीट समजून घ्यावा

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०० हा काचांविषयीचा नियम आहे. त्यानुसार गाडीच्या सर्व काचा सुरक्षा काचा, म्हणजे फुटल्या तरी धारदार तुकड्यांनी इजा होण्याचा धोका कमी असलेल्या काचा, असाव्या लागतात. पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के दृश्य प्रकाश आरपार जावा लागतो. दुकानांत या प्रमाणाला व्हीएलटी म्हणतात. काच केवळ कारखान्यातून निघताना तशी असून भागत नाही, ती वापरातही तशीच राखली पाहिजे, असे हा नियम सांगतो.

पूर्वी अनेकांचा समज असा होता की ही टक्केवारी राखली तर वरून कोणतीही फिल्म लावायला हरकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी अविषेक गोएंका विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात तो समज मोडून काढला. कितीही टक्के प्रकाश आरपार जात असला तरी सुरक्षा काचेवर काळी फिल्म किंवा अन्य कोणताही पदार्थ चिकटवता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले आणि ४ मे २०१२ पासून अशा गाड्यांवर दंडाची कारवाई करण्याचे व फिल्म काढून टाकण्याचे आदेश पोलिसांना दिले. काच मुळातच तशा छटेची बनवली असेल आणि टक्केवारीत बसत असेल तर ती चालते. नंतर वरून काही चिकटवलेले चालत नाही, असा त्या निकालाचा सरळ अर्थ होता. झेड आणि झेड प्लस दर्जाची सुरक्षा असलेल्या व्यक्तींच्या गाड्यांचाच काय तो अपवाद ठेवला गेला.

त्यानंतर नियमातच बदल झाला. १ एप्रिल २०२१ पासून नियम १०० मध्ये सुरक्षा काचेच्या जोडीला 'सेफ्टी ग्लेझिंग' हा प्रकार आला, आणि त्यात आतल्या बाजूने प्लॅस्टिकचा थर असलेल्या काचेचाही समावेश झाला. त्यासाठी आयएस २५५३ भाग २ या भारतीय मानकाची २०१९ ची सुधारित आवृत्ती लागू करण्यात आली. या बदलाच्या आधारे केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये असा निर्णय दिला की मानकात बसणारी आणि ७० व ५० टक्क्यांची अट पाळणारी फिल्म लावली असेल तर केवळ फिल्म आहे म्हणून दंड करता येणार नाही. त्या प्रकरणात फिल्म बनवणारी आपल्या महाराष्ट्रातली गरवारे हाय-टेक फिल्म्स ही कंपनीही याचिकाकर्त्यांमध्ये होती.

आता मुंबईतल्या वाचकाने यातून काय घ्यावे? बरेच विक्रेते केरळच्या निकालाच्या बातमीचे कात्रण दाखवून 'आता फिल्म कायदेशीर झाली' असे सांगतात. हे विधान अर्धवट आहे. एका राज्याच्या उच्च न्यायालयाचा निकाल दुसऱ्या राज्याच्या पोलिसांवर आपोआप बंधनकारक होत नाही. त्याचा युक्तिवादात आधार घेता येतो, एवढेच. मुंबईत नाक्यावर गाडी थांबवणारा वाहतूक पोलीस अंमलदार २०१२ चा निकाल प्रमाण मानून चलन फाडू शकतो, आणि ते चुकीचे आहे हे ठरवून घेण्यासाठी तुम्हाला न्यायालयाची पायरी चढावी लागेल. काचांबाबतचे चलन मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १७७ खाली होते; त्यात पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत आणि पुन्हा तोच गुन्हा घडल्यास १,५०० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. रक्कम मोठी वाटत नाही, पण मोहीम चालू असेल तेव्हा फिल्म जागेवरच ओरबाडून काढली जाते आणि काही हजार रुपये खर्चून लावलेली वस्तू रस्त्याच्या कडेला पडते. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा थांबवले जाण्याचा मनस्ताप निराळाच.

म्हणून ज्याला कोणताही धोका पत्करायचा नाही त्याच्यासाठी फिल्म न लावणे हाच एकमेव निर्धास्त पर्याय आज मुंबईत आहे. टॅक्सी, पर्यटक परवान्याची गाडी किंवा कंपनीला भाड्याने दिलेली गाडी असेल तर मी या पर्यायापलीकडे जाण्याचा सल्लाच देणार नाही, कारण त्या गाडीला फिटनेस प्रमाणपत्रासाठी वेळोवेळी तपासणीला उभे राहायचे असते. खासगी गाडीला फिल्म लावायचीच असेल, तर पुढच्या सगळ्या पायऱ्या एकही न गाळता पाळाव्यात.

दुसरी पायरी: फिल्म नेमकी कशासाठी हवी, हे ठरवावे

दुकानात जाण्यापूर्वी घरीच या प्रश्नाचे उत्तर द्यावे. बहुतेकांची कारणे तीन असतात: उकाडा, उन्हाचा त्वचेला होणारा त्रास आणि बाहेरच्यांच्या नजरेपासून आडोसा.

तिसरे कारण असेल तर विषय इथेच संपवावा. बाजूच्या काचेतून ५० टक्के प्रकाश आरपार जात असेल तर सिग्नलला शेजारी उभ्या असलेल्या रिक्षातल्या माणसाला तुमच्या गाडीतले सगळे दिसते. आडोसा मिळेल इतकी काळी काच कोणत्याही अर्थाने नियमात बसत नाही, आणि बसू नये असेच मला वाटते. २०१२ च्या निकालामागे काळ्या काचांआड घडणाऱ्या गुन्ह्यांची चिंता होती आणि ती चिंता आजही तितकीच खरी आहे.

उकाड्यासाठी फिल्म हवी असेल तर एक गैरसमज आधी दूर करावा लागतो. काच जितकी काळी तितकी गाडी थंड, हे खरे नाही. सूर्याकडून येणाऱ्या एकूण ऊर्जेपैकी निम्म्याहून थोडी अधिक ऊर्जा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांतून येते. साधी रंगवलेली काळी फिल्म दिसणारा प्रकाश अडवते, पण अवरक्त किरण बऱ्याच प्रमाणात आत सोडते. शिवाय शोषलेल्या उष्णतेने ती स्वतः तापते. याउलट चांगल्या प्रतीची सिरॅमिक फिल्म जवळजवळ पारदर्शक दिसूनही अवरक्त किरणांचा मोठा भाग अडवते. थोडक्यात, उष्णता कमी करायची असेल तर काळ्या रंगाची गरजच नाही.

त्वचेचे म्हणाल, तर पुढची काच लॅमिनेटेड असते, म्हणजे दोन काचांच्या मध्ये प्लॅस्टिकचा पातळ पडदा असतो, आणि तो अतिनील किरण जवळजवळ सगळेच अडवतो. बाजूच्या टेम्पर्ड, म्हणजे तापवून कणखर केलेल्या एकेरी काचांतून त्यांतला काही भाग आत येतो. त्यामुळे या कारणासाठी फिल्मचा उपयोग झालाच तर तो बाजूच्या काचांना होतो, पुढच्या काचेला नाही.

तिसरी पायरी: आपल्या गाडीची मूळ काच तपासावी आणि हिशेब मांडावा

प्रत्येक काचेच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापलेले चिन्ह असते. त्यावर काच बनवणाऱ्या कंपनीचे नाव, आयएसआय चिन्हासह मानकाचा क्रमांक आणि काच लॅमिनेटेड आहे की टेम्पर्ड याची नोंद असते. गाडी जुनी घेतली असेल तर सर्व काचांवरची चिन्हे एकमेकांशी जुळतात का, ते पाहावे. एखादीच काच निराळ्या कंपनीची निघाली तर ती बदललेली आहे असे समजावे. तिची मूळ छटा इतर काचांपेक्षा वेगळी असू शकते. आजच्या बहुतेक गाड्यांच्या काचा मुळातच फिकट हिरवट असतात, म्हणजे त्यांतून शंभर टक्के प्रकाश जातच नाही. हा मुद्दा विसरला की पुढचा सगळा हिशेब चुकतो.

हिशेब सोपा आहे. काचेचे प्रमाण आणि फिल्मचे प्रमाण यांचा गुणाकार करायचा, बेरीज-वजाबाकी नाही. समजा, तुमच्या दाराच्या काचेतून ७६ टक्के प्रकाश जातो आणि विक्रेता '५० टक्केवाली, एकदम नियमात' असे म्हणून फिल्म दाखवतो. ७६ चे ५० टक्के म्हणजे ३८. नियमातल्या ५० पेक्षा हा आकडा बराच खाली आहे आणि विक्रेत्याच्या बोलण्यावर विसंबून तुम्ही नियमभंग विकत घेतला आहे. त्याच काचेवर ७० टक्क्यांची फिल्म लावली तर उत्तर सुमारे ५३ येते आणि काच मर्यादेत राहते. म्हणजे अशा काचेला किमान ६६ टक्क्यांची फिल्म हवी, आणि मोजमापातला फरक लक्षात घेता ७० च्या खाली जाऊच नये.

पुढच्या काचेचा हिशेब याहून कठोर आहे. ती ७८ टक्के प्रकाश सोडत असेल, तर ७० ची मर्यादा राखण्यासाठी तिच्यावर ९० टक्क्यांची फिल्म लागेल. पूर्ण पारदर्शक म्हणून विकल्या जाणाऱ्या फिल्मही साधारण याच आकड्याच्या आसपास असतात. तेव्हा पुढच्या काचेसाठी '७० टक्केवाली फिल्म' विकणारा दुकानदार प्रत्यक्षात तुम्हाला ५५ टक्क्यांची काच बनवून देत असतो. माझे स्पष्ट मत असे आहे की पुढच्या काचेला कोणतीही फिल्म लावू नये. अतिनील किरणांचा प्रश्न तिथे आधीच सुटलेला असतो, हिशेबाला जागा उरत नाही आणि तीच काच पोलिसांना सर्वांत आधी दिसते. मागच्या काचेलाही ७० चीच मर्यादा आहे, त्यामुळे तिचाही विचार सोडून द्यावा हे बरे.

हा हिशेब अंदाजाने करू नये. व्हीएलटी मीटर नावाचे हातात मावणारे उपकरण असते. त्याचे दोन भाग काचेच्या दोन बाजूंना लावले की प्रमाण आकड्यात दिसते. चांगल्या दुकानात ते असते. फिल्म लावण्यापूर्वी नुसत्या काचेचे, मग काचेवर फिल्मचा नमुना धरून दोहोंचे, असे मोजमाप तुमच्यासमोर करायला सांगावे. काच आधी दोन्ही बाजूंनी पुसून घ्यावी, कारण धुळीचा थरही आकडा खाली आणतो. मीटर नाही, पण 'वर्षानुवर्षे लावतोय, काळजी करू नका' असे उत्तर मिळाले तर दुसरे दुकान पाहावे.

चौथी पायरी: काचेवर आधीपासून काय काय आहे, ते पाहावे

वरचा सल्ला बाजूला ठेवून कोणी पुढच्या काचेला पारदर्शक फिल्म लावणारच असेल, तर त्याने निदान एवढे करावे. ड्रायव्हरच्या सीटवर बसून काचेच्या वरच्या भागाकडे नीट पाहावे. आरशाच्या मागे फास्टॅग चिकटवलेला असतो. डाव्या कोपऱ्यात उच्च सुरक्षा नोंदणी पाटीसोबत आलेला स्टिकर असतो, ज्यावर गाडीचा क्रमांक व इंधनाच्या प्रकारानुसार रंग असतो. हे दोन्ही काचेच्या आतल्या बाजूने असतात आणि फिल्मही आतूनच लागते. दोन्ही वस्तू अशा बनवलेल्या आहेत की काढायला गेले की त्या फाटून निकामी होतात, म्हणजे एकाची काढून दुसऱ्याला लावता येऊ नयेत. कारागिराने ब्लेडने ते खरवडले, तर नवा फास्टॅग ज्या बँकेचा आहे तिच्याकडून घ्यावा लागेल आणि नव्या स्टिकरसाठी पुन्हा अर्ज करावा लागेल. फिल्म त्यांच्याभोवती कापून लावणार का, हे आधीच विचारून घ्यावे.

फास्टॅगचे दुसरेही एक दुखणे आहे. धातूचा थर असलेल्या फिल्ममुळे रेडिओ लहरी अडतात, त्यामुळे टॅग वाचला जात नाही आणि मोबाइलचे किंवा दिशादर्शकाचे सिग्नल कमजोर होऊ शकतात. मुंबईच्या वेशीवरच्या पाच नाक्यांवर हलक्या वाहनांना १५ ऑक्टोबर २०२४ पासून टोल माफ झाला असला तरी अटल सेतू, वांद्रे-वरळी सागरी सेतू आणि पुण्याकडे जाणारा द्रुतगती महामार्ग इथे टॅग लागतोच. टॅग वाचला न गेल्यामुळे टोलच्या रांगेत गाडी अडकली की मागच्यांचे हॉर्न आपल्यालाच ऐकावे लागतात.

नव्या गाड्यांत आरशामागे पावसाचा सेन्सर किंवा मार्गिकेवर लक्ष ठेवणारा कॅमेरा असतो. त्याच्या समोरच्या भागावर कधीही फिल्म येऊ देऊ नये. मागच्या काचेवर आडव्या तपकिरी रेषा असतील तर त्या काचेवरचे बाष्प घालवणाऱ्या डीफॉगरच्या तारा असतात आणि काही गाड्यांत रेडिओचा अँटेनाही त्याच काचेत असतो. फिल्म लावताना या तारांना सहसा काही होत नाही, पण पुढे ती काढताना तार फिल्मसोबत निघून येऊ शकते आणि मग कधीकधी संपूर्ण काच बदलावी लागते.

पाचवी पायरी: फिल्म निवडताना

बाजारात ढोबळमानाने रंगवलेली, धातूचा थर असलेली, कार्बन आणि सिरॅमिक असे प्रकार मिळतात. रंगवलेली स्वस्त असते आणि मुंबईच्या उन्हात काही काळाने जांभळट पडते. कांदिवली-बोरिवलीकडे रस्त्यावर उभ्या केलेल्या जुन्या गाड्यांच्या मागच्या काचा पाहिल्या तर हा जांभळा रंग आणि मधले फुगे ओळखू येतील. धातूच्या फिल्मचे दुखणे वर सांगितलेच. कार्बन फिल्म टिकते, पण तिचा मूळ रंगच गडद असल्याने ७० टक्क्यांच्या पट्ट्यात तिला फारसा अर्थ उरत नाही. नियमात बसायचे आणि उष्णताही कमी करायची, अशी दुहेरी अट असेल तर सिरॅमिकखेरीज पर्याय नाही, आणि ती महाग असते हे स्वीकारूनच पुढे जावे.

दुकानात एक प्रयोग हमखास दाखवला जातो. एका खोक्यात लाल दिवा लावलेला असतो, समोर साध्या काचेचा आणि फिल्म लावलेल्या काचेचा तुकडा असतो, आणि तुम्हाला दोहोंमागे हात धरायला सांगतात. साध्या काचेमागे हात भाजतो, फिल्ममागे काहीच जाणवत नाही, आणि ग्राहक खिशात हात घालतो. हा प्रयोग खोटा नसतो, पण तो अपुरा असतो. तो दिवा प्रामुख्याने अवरक्त किरण सोडतो. ऊन तसे नसते. शिवाय फिल्मने किरण परत फेकले की शोषून घेतले, हे थोड्या वेळात कळत नाही. शोषून घेत असेल तर तीच फिल्म काही मिनिटांनी स्वतः तापून आत उष्णता सोडू लागते. म्हणून दिव्यासमोर हात बराच वेळ ठेवावा, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे 'अवरक्त किरण ९५ टक्के अडवते' या जाहिरातीकडे दुर्लक्ष करून 'एकूण सौर ऊर्जा किती टक्के अडते' हा आकडा माहितीपत्रकात शोधावा. तो टीएसईआर या नावाने दिलेला असतो आणि फिकट फिल्ममध्ये तो जाहिरातीतल्या आकड्यापेक्षा पुष्कळ कमी असतो. तुलना करायची ती याच आकड्याची.

'आरटीओ अप्रूव्ह्ड' हा शब्दप्रयोग सर्रास केला जातो. ताडदेव, अंधेरी, वडाळा किंवा बोरिवली, यांपैकी कोणत्याही परिवहन कार्यालयाचे काम फिल्मच्या ब्रँडला मंजुरी देण्याचे नाही. विचारायचे ते मानकाविषयीचे कागद: उत्पादकाचा चाचणी अहवाल आणि आयएस २५५३ च्या २०१९ च्या आवृत्तीचा त्यातला उल्लेख. तो अहवाल त्याच मॉडेलच्या फिल्मचा आहे का, हेही पडताळावे. एका मॉडेलचा कागद दाखवून दुसरेच मॉडेल लावले जाते. नामांकित ब्रँडच्या नावाने बनावट माल येतो तो वेगळाच. रोलच्या खोक्यावरचा क्रमांक, फिल्मच्या मागच्या संरक्षक थरावरचा ब्रँडचा छाप आणि वॉरंटी कार्डावरचा क्रमांक हे तिन्ही जुळले पाहिजेत. रोल तुमच्यासमोर उघडायला सांगण्यात संकोच करू नये.

निवड पक्की करण्यापूर्वी एक चाचणी स्वतः करावी. फिल्मचा वहीच्या पानाएवढा नमुना मागून घ्यावा, रात्री गाडी एखाद्या कमी उजेडाच्या गल्लीत उभी करावी आणि तो नमुना ड्रायव्हरच्या बाजूच्या काचेवर, बाहेरचा आरसा जिथून दिसतो नेमक्या त्या जागी धरावा. आरशात मागून येणारी, दिवा न लावलेली सायकल किंवा गडद कपड्यांतला पादचारी दिसतो का, ते पाहावे. शक्य असल्यास काचेच्या बाहेरून पाणी शिंपडून पुन्हा पाहावे, कारण जुलैत संध्याकाळी सातनंतर आपल्याला ज्या स्थितीत गाडी चालवायची असते ती हीच. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सगळ्याच फिल्म स्वच्छ दिसतात.

सहावी पायरी: दुकान आणि कारागीर

कुर्ला-कलिना पट्ट्यातला सीएसटी रोड आणि ऑपेरा हाउस परिसर हे मुंबईतले ॲक्सेसरीजचे जुने बाजार आहेत. उपनगरांत डिटेलिंगची, म्हणजे गाडीची बारकाईने सफाई आणि पॉलिश करून देणारी, दुकानेही आता खूप झाली आहेत. बाजारापेक्षा जागा आणि हात पाहावा. फूटपाथच्या कडेला, बस जात असताना, दारे उघडी ठेवून लावलेल्या फिल्मखाली धुळीचे कण अडकणारच आणि ते पुढे निघत नाहीत. बंदिस्त, ओल्या फरशीची जागा उत्तम.

फिल्म कशी कापतात, हेही विचारावे. काही जण फिल्म काचेवरच ठेवून ब्लेडने कडा कापतात; हात जरा जड पडला की काचेवर कायमचा ओरखडा उमटतो. मापानुसार यंत्रावर आधीच कापलेली फिल्म त्यापेक्षा चांगली. दाराच्या काचेचे रबर बाजूला करून फिल्म काचेच्या खालच्या कडेपर्यंत नेली जाते का, आणि साबणाचे पाणी पॉवर विंडोच्या बटणांत जाऊ नये म्हणून दारावर कापड किंवा प्लॅस्टिक घातले जाते का, हे दुसऱ्याच्या गाडीचे काम चालू असताना पाहून घ्यावे. पाण्यामुळे बटणे बिघडली तर गाडीच्या कंपनीची वॉरंटी तो खर्च नाकारू शकते. शोरूममधून फिल्म लावून घेतली तरी काम बहुतेक बाहेरचाच कारागीर करतो, त्यामुळे हे प्रश्न तिथेही विचारावेत.

सातवी पायरी: कागदपत्रे

तोंडी आश्वासनाला पुढे काही किंमत राहत नाही. बिलावर ब्रँड, मॉडेलचे पूर्ण नाव, फिल्मची टक्केवारी, कोणत्या काचांना लावली आणि लावल्यानंतर मीटरवर प्रत्येक काचेचे किती प्रमाण आले, एवढे लिहून घ्यावे. 'सनफिल्म, १ सेट' असे मोघम बिल घेऊ नये. वॉरंटीत रंग उडणे, फुगे येणे आणि कडा सुटणे यांचा समावेश आहे का आणि पोलिसांनी काढायला लावल्यास काय, हे वाचावे. शेवटच्या बाबतीत जवळजवळ कोणीच भरपाई देत नाही. विकलेली वस्तू सांगितल्याप्रमाणे नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते, पण तक्रारीत बळ येते ते बिलामुळेच.

विमा कंपनीलाही एक ई-मेल पाठवून फिल्मबद्दल कळवावे आणि उत्तर जपून ठेवावे. काच फुटल्यावर नवी काच मिळाली तरी तिच्यावरच्या फिल्मचा खर्च पॉलिसीत स्वतंत्रपणे नमूद केल्याशिवाय मिळेल, अशी अपेक्षा ठेवू नये.

लावण्याचा दिवस आणि नंतरचे दिवस

पावसाळा टाळावा. हवेत दमटपणा असला की फिल्मखालचे पाणी सुकायला वेळ लागतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. गाडी ताब्यात देण्यापूर्वी प्रत्येक काचेचे फोटो काढावेत, म्हणजे नंतर दिसलेला ओरखडा आधीचा होता की नाही यावर वाद होणार नाही. काम झाल्यावर तीन-चार दिवस काचा खाली करू नयेत. टोल किंवा पार्किंगची पावती घेण्याच्या सवयीने हात आपोआप बटणाकडे जातो, म्हणून बटणावर कागदी चिकटपट्टी लावून ठेवावी. सुरुवातीला दिसणारी पाण्याची धुरकट वर्तुळे काही आठवड्यांत नाहीशी होतात. ज्याच्या मध्यभागी टोकदार कण दिसतो तो फुगा मात्र धुळीचा असतो. तो जाणार नाही, त्यामुळे लगेच दुकानात दाखवावा. काच पुसताना अमोनिया असलेला क्लीनर वापरू नये, मऊ कापड आणि साधे पाणी पुरते.

फिल्म न लावणाऱ्यांसाठी

गाडी उभी असताना पुढच्या काचेला आतून लावायचा चंदेरी पडदा बराच उपयोगी पडतो आणि चालवताना तो काढून ठेवला की नियमाचा प्रश्नच येत नाही. बाजूच्या काचांचे जाळीचे पडदे मात्र गाडी चालू असताना लावू नयेत; दृष्टी अडते आणि पोलीस त्यांवरही कारवाई करतात. गाडीत बसल्यावर आधी काचा खाली करून मिनिटभर गरम हवा बाहेर जाऊ द्यावी, मग एसी सुरू करून आतली हवा फिरवण्याचे बटण दाबावे. एवढ्याने पुष्कळ फरक पडतो.

जुन्या गाडीवर आधीच फिल्म असेल तर

वापरलेली गाडी घेताना अनेकदा काळी फिल्म फुकटची सोय म्हणून दाखवली जाते. व्यवहारापूर्वी महाट्रॅफिक या राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक टाकून थकलेली ई-चलने पाहावीत, कारण काचांचे चलन आधीच्या मालकाच्या काळातले असले तरी गाडीच्या नावावर दिसत राहते. ती विकणाऱ्याकडूनच भरून घ्यावीत आणि फिल्म काढण्याचा खर्च किमतीतून वजा करावा.

चलन झाले आणि फिल्म काढायला सांगितली गेली तर रस्त्यावर वाद न घालता बिल व चाचणी अहवाल शांतपणे दाखवावेत. अंमलदाराने ते मान्य केले नाहीत तर चलन घ्यावे आणि हरकत असल्यास ती नंतर लेखी नोंदवावी. फिल्म घरी चाकूने खरवडू नये. विशेषतः मागच्या काचेची फिल्म वाफेने गोंद मऊ करून, डीफॉगरच्या तारांच्या दिशेने, म्हणजे आडवी ओढूनच काढावी लागते, आणि ते काम दुकानातच करून घ्यावे. काढल्याचे बिल आणि स्वच्छ काचांचा तारखेसह फोटो मोबाइलमध्ये ठेवावा. पुन्हा त्याच कारणावरून जुने छायाचित्र जोडून चलन आले तर हरकत नोंदवताना हाच पुरावा लागतो.